कुठपर्यंत खरवडू?

यासीन विचारतो, साहेब, कुठपर्यंत खरवडू?
हातात चारशे नंबरचा पॉलिश पेपर,
बादलीतलं पाणी विटकरी झालेलं.
भवानी पेठेत, लाकडाच्या वखारींच्या मागे,
पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे हेरल्ड,
बॉनेट पुढे उलटं पाडून,
दाताच्या डॉक्टरपुढे आ वासून बसल्यासारखी.

दारावर त्यानं रुपयाएवढी जागा घासून ठेवलीय:
वर लाल, मग आकाशी,
मग साईसारखं काहीतरी, मग प्रायमर, मग पत्रा.
तुम्ही सांगाल तिथं थांबतो, म्हणतो,
आणि चहाला निघून जातो.

तेहतीस वर्षं हडपसरला, बेअरिंगच्या कारखान्यात,
मी एवढंच ठरवत आलो: बसतंय की नाही.
गेज आत गेलं, पास. नाही गेलं, भंगार.
मायक्रॉनवरून मी माणसं रडवलीत.
इथं गेज कशात घालू?

कारखान्यातून निघाली तशी करायची म्हटलं,
तर तो एकच दिवस.
त्या दिवशी ती कुणाचीच नव्हती.

तळाचा पत्रा बदलायचा, हे ठरलंय.
पायाखालून रस्ता दिसतो, त्यात कसली आठवण.
ब्रेक नवे. वायरिंगही नवं;
त्याबद्दल उंदरांनी आधीच मत दिलंय.
पण सीट?
ड्रायव्हरची सीट एका अंगाला खचलीय,
एका बाईच्या चोवीस वर्षांच्या वजनाचा साचा.
साळवे सिस्टर, नाना पेठ, बाळंतपणं.
आणि मागच्या मडगार्डवरचा तो पोचा:
त्याला मी मनातल्या मनात एक अख्खी रात्र देऊन टाकलेली,
कोंढव्याचा कच्चा रस्ता, कंदील धरलेला नवरा,
आडवं आलेलं मूल.
यासीनला म्हटलं, पोचा राहू दे.
तो म्हणाला, डेंटिंगचे पैसे वाचले.

बुधवारी जुन्या बाजारात हेडलाइटची रिंग शोधली.
एकानं अँबॅसेडरची पुढं केली.
हीच हो, जरा चेपली की बसते.
मी कॅलिपर काढला.
त्यानं शेजारच्या दुकानदाराला बोलावून मला दाखवलं.
अकरा मिलिमीटरचा फरक.
तरी घेतली. का घेतली,
ते बायकोला अजून सांगता आलेलं नाही.

मग वानवडीला गेलो. सिस्टर आता भाचीकडे असतात.
मोबाइलवर फोटो दाखवले, बोटांनी मोठे करून करून.
सीट आहे तशीच ठेवतोय, म्हटलं, जरा ऐटीतच.
"बदला हो ती! कंबर गेली माझी तिच्यापायी."
आणि हा पोचा?
"तो चर्चच्या फाटकाला. रिव्हर्स मला कधी जमलाच नाही."
हॉर्न?
"होता कधी? मी काच खाली करून ओरडायची."
खरा रंग कुठला होता, सिस्टर?
त्यांचं बिस्किट चहात मोडून पडलं,
ते चमच्यानं काढत बसल्या.
"मी घेतली तेव्हाच दोन रंग होऊन गेलेले.
लाल मी दिला. लांबून दिसावी म्हणून,
माणसं दारात वाट बघत असायची ना."
थोड्या वेळानं म्हणाल्या,
"चालते का पण?"

चालत नाही. आठ महिने झाले.
आठ महिने मी ती दिसावी कशी,
यावरच अडून बसलोय.

परतलो तर शेडमध्ये दिवा लागलेला,
यासीन दारात उकिडवा.
मग? कुठपर्यंत?
मी त्या रुपयाएवढ्या जागेवरून नख फिरवलं.
पायऱ्या लागतात, अगदी बारीक,
उतरताना जास्त कळतात.
रंगाचं नंतर बघू, म्हटलं. आधी चालती कर.
तेच मी दिवाळीपासून सांगतोय, तो म्हणाला,
आणि उठून बादली बाहेर ओतली.
विटकरी पाणी वखारीच्या भुशापर्यंत गेलं,
आणि तिथंच मुरत राहिलं.